सायटिकाचे दुखणे आणि आपला धंदा

कापड बाजारात कोणत्याही चार दुकानांत विचारून पाहा, एक तरी माणूस कमरेला हात लावून उठताना दिसेल. गादीवर दिवसभर मांडी घालून बसणारा दुकानदार, फळीवरून थान उतरवणारा नोकर, गाठ पाठीवर घेणारा हमाल, यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कारीगर, मशीनवर वाकलेला दर्जी या सर्वांची रोजी कमरेच्या जोरावर चालते. काहींचे दुखणे कमरेपुरते न राहता कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधी तळव्यापर्यंत उतरते. डॉक्टर त्याला सायटिका म्हणतात, वैद्य गृध्रसी आणि हकीमसाहेब इर्कुन्नसा. आपल्या घरांत त्याला 'लंगडीचा दर्द' म्हणतात.

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस आहे. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या मुळांपासून ती बनते. दोन मणक्यांमधील चकती सरकून अशा एखाद्या मुळावर दाबली की कळ पायात उतरते. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली हे कारण जगासमोर मांडले. दुखतो पाय, पण बिघाड कमरेत असतो. म्हणून पायाला तेल चोळल्याने घटकाभर आराम वाटतो, मूळ दाब हटत नाही.

आता आपल्या माणसापुढचा खरा प्रश्न असा की, दुकान किंवा माग बंद ठेवून पडून राहावे काय? रोजंदारीच्या कारीगराचा आठवडाभर खाडा म्हणजे घरातील चूल अडचणीत. या बाबतीत नेदरलँडमध्ये १८३ रुग्णांवर झालेली पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, निम्म्यांना जमेल तसे हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनंतर दोन्हीकडे शंभरापैकी ८७ जणांना फरक पडला होता. म्हणजे पडून राहणाऱ्याला जादा फायदा काहीच झाला नाही. कळ फारच असेल तर एक-दोन दिवस विसावा घ्यावा, मग हळूहळू चालायला लागावे.

मात्र काम चालू ठेवणे आणि कामाची रीत तीच ठेवणे यात फरक आहे. मला स्वतःला हे दुखणे काही वर्षांपासून अधूनमधून सतावते. मी गादीवरील बैठक सोडून खुर्ची-मेज घेतले, कमरेमागे छोटी उशी ठेवली आणि दर अर्ध्या तासाला उठून चार पावले टाकण्याचा नेम केला. मागच्या खिशातील पाकीट पुढच्या खिशात आले. खपाचे जड थान खालच्या आणि वरच्या फळीवरून काढून कमरेच्या उंचीवर लावले. माल घेण्यासाठी लांबचा प्रवास असेल तर वाटेत उतरून पाय मोकळे करतो. मागावर उभे राहणाऱ्याने एक पाय विटेवर किंवा पाटावर ठेवून आलटून-पालटून बदलावा. ओझे उचलताना गुडघ्यात वाकावे, ओझे छातीशी धरावे आणि कमर न पिळता पावलांनी वळावे. रात्री कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतल्यास बरे वाटते. रुकू-सजद्यात कळ उठत असेल तर आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत आहे. त्याची रीत इमामसाहेबांकडून समजून घ्यावी.

औषधांच्या बाबतीत सावध राहावे. दुखणे मारणाऱ्या गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्याव्यात. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटातील व्रणाचा त्रास असणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. प्रीगाबालिन हे औषध पुष्कळांना दिले जाते. ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. तिचा निकाल २०१७ साली आला. फायदा दिसला नाही, चक्कर मात्र वाढली. कोणी ते घेत असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारावे. 'तीन दिवसांत हमखास आराम' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. हिजामा करवून घ्यायचा तर शिकलेल्या हातून आणि नव्या पात्यानेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

ऑपरेशनसाठी कर्ज काढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेदरलँडमध्येच २८३ रुग्णांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर मिळाला, परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांची हालत जवळजवळ सारखीच होती. ज्याला कळ सोसवत नाही त्याने जरूर विचार करावा. ज्याला सोसवते आणि ज्याचा आराम वाढत आहे, त्याला सबुरीची मुभा आहे.

पण काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना किंवा दोन्ही पायांतील ताकद गेली, तर ताबडतोब मोठ्या इस्पितळात जावे. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी.

शेवटी पेढीवाल्या बांधवांना एक विनंती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने नेहमीच्या कामात ५५ किलोंपेक्षा जास्त ओझे एकट्याने उचलू नये. आपल्या गोदामात गाठ त्याहून जड असेल तर दोन माणसे लावावीत, हातगाडी ठेवावी किंवा गाठच लहान बांधून मागवावी. मालकाला खुर्ची घेता येते, दुकान तासभर उशिरा उघडता येते. हमालाला यातले काहीच करता येत नाही. त्याची कमर एकदा गेली की त्याची रोजीही गेली. हातगाडीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.