शहापूरच्या वाडीतून परदेशी विद्यापीठात

पावसाळा सरला की शहापूर-मुरबाडमधली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. त्याच कातकरी समाजासाठी परदेशी शिक्षणाच्या जागा राखीव आहेत, हे वाडीवाडीवर पोचायलाच हवं!

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला 20 जणांना मिळते. त्यातल्या 3 जागा आदिम जमातींच्या, म्हणजे कातकऱ्यांच्याही. उरलेल्या 17 जागांसाठी ठाकूर, महादेव कोळी, वारली मुलं देशभरातल्या जमातींसोबत अर्ज करू शकतात. पदव्युत्तर आणि पीएच.डी., दोन्हींना फी मिळते, शिवाय निर्वाहखर्चही: ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड.

अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची अशीच योजना आहे. तिच्यातून 2022 मध्ये भारताचा इतिहास, संस्कृती आणि भारतावरचं सामाजिक संशोधन वगळलं गेलं. हे फार खटकतं. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1916 मध्ये त्यांनी तिथे निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवरच.

अमेरिकेत मानव्यविद्येच्या पीएच.डी.ला अनेक विद्यापीठं स्वतःच फी माफ करून विद्यावेतन देतात, एम.ए.ला क्वचितच. तिथे मुंबईचं जे. एन. टाटा एन्डाउमेंट उपयोगी पडतं. 1892 पासून ते कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आलं आहे.