शिडांची शर्यत : लेखांक ६ – खालच्या मार्कचं दार

मागच्या लेखांकात आपण वरच्या मार्कला वळसा घातला आणि शीड सैल सोडलं. आता वारा पाठीशी आहे, पाण्याचे शिंतोडे थांबलेत, खलाशाला पाणी प्यायलाही सवड मिळते. हा निवांतपणा फसवा असतो. शर्यतीतली निम्मी आरडाओरड पुढच्या, म्हणजे खालच्या मार्कपाशी ऐकू येते.

वाऱ्याबरोबर उतरताना मागच्या बोटी पुढच्यांचा वारा अडवतात, त्यामुळे पांगलेला ताफा गोळा होत खाली येतो. पूर्वी खाली एकच बोया असे आणि बहुधा तो डाव्या हाताला ठेवून वळायचं असे. मार्कभोवती तीन बोटींच्या लांबीचा झोन असतो. पहिली बोट झोनला टेकताना ज्या बोटी शेजारी-शेजारी असतील, त्यांतल्या बाहेरच्यांनी आतल्यांना वळायला जागा द्यायची. समजा अशा पाच जणी आल्या. बैलगाडीच्या चाकात आसाजवळचा भाग जेमतेम फिरतो आणि धावेला लांबलचक फेरा पडतो, तसं होतं. बाहेरची बोट लांबून फिरते आणि वर चढायला लागते तेव्हा तिच्या वाट्याला पुढच्या चौघींनी वापरून सोडलेला, घुसळलेला वारा येतो.

यावर उपाय म्हणजे लीवर्ड गेट. एका बोयाऐवजी दोन टाकायचे. बोटींनी वरून येऊन दोघांच्या मधून जायचं आणि हवा त्या मार्कला वळसा घालून पुन्हा वर निघायचं. उतरताना डावीकडे दिसणारा मार्क घेतला तर बोट पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डाव्या अंगावर घेत, बाहेर पडते आणि वाऱ्याकडे तोंड करून पाहिलं तर मार्गाच्या उजव्या अंगाला जाते. उजवीकडचा घेतला तर स्टारबोर्ड टॅक आणि डावं अंग. ऑलिंपिकमध्ये इल्का बोटींच्या समलंब चौकोनी मार्गावरही हे गेट असतं. नकाशात त्याचे मार्क ‘४एस’ आणि ‘४पी’ असे लिहितात, एस म्हणजे स्टारबोर्ड आणि पी म्हणजे पोर्ट. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरलेला आपला विष्णू सरवणन याच वर्गातला.

दोन्ही झोन एकमेकांवर चढू नयेत म्हणून मार्कांमध्ये सहा लांबींपेक्षा जास्त अंतर लागतंच. सहसा ते आठ-दहा लांबींचं ठेवतात. पण खरी मेख अंतरात नाही, कोनात आहे. दोन मार्कांना जोडणारी रेषा वाऱ्याला अगदी काटकोनात हवी. इल्का ४.२ मीटरची, म्हणजे दहा लांबींचं गेट ४२ मीटरचं. वारा दहा अंशांनी फिरला तर एक मार्क दुसऱ्यापेक्षा सुमारे ७ मीटर वर येतो. तो घेणाऱ्याला तेवढं कमी उतरावं लागतं आणि पुन्हा तेवढंच कमी चढावं लागतं. हिशेब १४ मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन बोटींहून जास्त.

हे गणित मी एकदा स्वतःच्या चुकीतून शिकलो. मुंबईच्या बंदरात मार्क टाकणाऱ्या बोटीवर मदतीला होतो. उधाणाचा दिवस, आणि उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढतं. मी ओहोटीला नांगर टाकला आणि दोर त्या वेळच्या पाण्यापुरताच सोडला. भरती लागली, दोर ताणला गेला, नांगर तळावरून उचलला गेला आणि नारिंगी बोया डुलत डुलत उत्तरेकडे निघाला. वारा वायव्येचा, म्हणजे मार्क वाऱ्याकडे, वर सरकत होता. खलाशांना हे आमच्याआधी कळलं. झाडून सगळ्या बोटी त्याच मार्कवर धावल्या. जी गर्दी फोडायला गेट टाकलं, ती मी एका दोराच्या आखडतेपणाने परत गोळा केली. दुसऱ्या मार्कपाशी कुत्रं फिरकलं नाही.

खलाशाने निवड करायची कशी? गेटच्या अंगाने जाताना होकायंत्रावर मार्कांच्या रेषेची दिशा टिपून ठेवावी आणि वाऱ्याशी ताडून पाहावी. पण माझं मत विचाराल तर गेटचा कुठला मार्क जास्त वर आहे ही केवळ अर्धी गोष्ट. पुढच्या चढणीला तुम्हाला कुठलं अंग हवंय, वारा आणि पाण्याची ओढ कुठे बरी आहे, हे आधी ठरवावं. आणि गेटच्या त्या वर असलेल्या मार्कवर चार बोटी एकमेकींना चिकटून येत असतील, तर दोन लांबींवर पाणी सोडून मोकळ्या मार्ककडे जावं. मोकळ्या वाऱ्यात ती उधारी लवकर फिटते. पाण्याची ओढ वाऱ्याच्या दिशेनेच असेल तर स्पिनेकर, म्हणजे उतरताना लावलेलं फुगीर शीड, लवकर उतरवा, नाहीतर आवरासावर होईपर्यंत बोट गेटच्या खाली वाहून गेलेली असते.

नियमातली एक गंमत सांगायला हवी. एरवी आतल्या हक्काच्या बोटीला मार्कपाशी जाइब करून, म्हणजे शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर घेऊन, वळायचं असेल, तर तिने मार्कपासून गरजेपेक्षा लांब जाऊ नये असं बंधन आहे. गेटच्या मार्कला हे बंधन नाही. म्हणजे हक्क हातात असला की प्रतिस्पर्ध्याला ढकलत दुसऱ्या मार्ककडेही नेता येतं. दोघींचीच चुरस असते तेव्हा हा डाव पाहण्यासारखा असतो.

पावसाळा सरल्यावर एखाद्या रविवारी गेटवेच्या धक्क्यावर उभे असाल आणि शिडं खाली उतरताना दिसली, तर पहिल्या बोटीकडे पाहू नका. तिला दोन्ही दारं मोकळीच असतात. चौथ्या-पाचव्या बोटीवर नजर ठेवा आणि ती कुठे वळते ते पाहा. पुढच्या आठवड्यात शेवटची चढण आणि फिनिश लाइन.