आभाळवाटा : भाग ५ – किनारा नसलेल्या जिल्ह्यातली मोजणी

मागच्या भागात आपण पाहिलं, की मोठ्या पंखांचे शिकारी पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर घिरट्या घेत उंची गाठतात. समुद्रावर अशी हवा फारशी चढत नाही. म्हणून गरुड, मधुबाज रुंद पाणी टाळतात आणि किनाऱ्याकडेनं सरकतात. जॉर्जियात बातुमीजवळ एकीकडे काळा समुद्र, दुसरीकडे डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून शरदात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात. २००८पासून तिथे टेकड्यांवर बसून त्यांची दरवर्षी मोजणी होते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र हा उपाय चालत नाही. दख्खनचं पठार मोकळं आहे. पक्ष्यांना एका वाटेवर आणणारं काही नाही, त्यामुळे ते विखरून जातात. कळसूबाईच्या माथ्यावर दुर्बीण घेऊन बसलं तरी बातुमीसारखी रांग मिळणार नाही.

तरीही इथे मोजता येईल असा एक शिकारी पक्षी आहे, भोवत्या. कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ मुलखातून माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या पावसाळा सरता सरता येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. दिवसभर ते माळावर जमिनीलगत उडत नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी टिपतात. रात्री झाडावर बसत नाहीत. उंच गवतात, जमिनीवरच उतरतात, तेही अनेक जण एकाच जागी, म्हणजे थाऱ्यावर. दिवसभर मैलोगणती पांगलेले पक्षी संध्याकाळी तेवढ्या तुकड्यात येतात. किनाऱ्यावर जे काम समुद्र करतो, ते माळावर रात्र करते.

मोजणी सोपी मात्र नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी माणसं थाऱ्याच्या चारी बाजूंना, गवतापासून लांब बसतात आणि प्रत्येकानं आपली दिशा सांभाळायची असते. बरेच पक्षी आधी शेजारच्या नांगरटीत बसतात, उठतात, पुन्हा बसतात. आत गेलेला पक्षी बाहेर पडला तर वजा करावा लागतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळ हवी. नाहीतर एकच भोवत्या दोघांच्या वहीत जातो. राखाडी नर त्यातल्या त्यात ओळखू येतात. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर काळा पट्टा असतो, पांढुरक्याच्या नसतो. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या; अंधुक उजेडात त्या वेगळ्या करणं जवळपास अशक्य. अशा वेळी ‘भोवत्या, जात अनिश्चित’ लिहावं. अंदाजानं भरलेलं नाव पुढच्या सगळ्या आकड्यांत खोट पाडतं.

गुजरातेत वेळावदरला गेल्या शतकाच्या अखेरीस एकाच गवताळ थाऱ्यावर हजारावर भोवत्या मोजले गेले होते. पुढे संख्या घटली, हे वर्षानुवर्षं तिथेच मोजल्यामुळे कळलं. आपल्याकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८०मध्ये झालं. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. त्याच्याबाहेरचे माळ सातबाऱ्यावर पोटखराबा नाहीतर पडीक म्हणून नोंदलेले. तिथे खड्डे खणून झाडं लावली, की ते काम हिरवं दिसतं आणि सत्कारही होतो. पण भोवत्याला झाड नको, कुसळी-पवन्याचं उभं गवत हवं. माळावर झाडं लावण्याच्या या उत्साहाला माझा स्पष्ट विरोध आहे. गवत पेटवणं त्याहून वाईट. थारा एका रात्रीत जातो.

आपल्या गावच्या माळावर थारा सापडला, तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी मोजा. एकही पक्षी आला नाही, तर वहीत शून्य लिहा. तीही नोंदच असते. थाऱ्याची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोसाठी संध्याकाळी गवतात शिरलेली माणसं सगळा थारा उठवतात, आणि अंधारात उठलेल्या पक्ष्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

पुढच्या भागात अमूर ससाणा. समुद्र टाळण्याचा नियम मोडून हा पक्षी थेट अरबी समुद्र ओलांडतो. २०१३मध्ये नागालँडात उपग्रह-खूण लावलेल्या ससाण्यांनी तो प्रवास दाखवून दिला.