पाटाच्या काठाने सायकल : पलूस परिसरातील वाहनविरहित वाटा

सुटीच्या दिवशी भल्या पहाटे पुणे, कोल्हापूर, सांगली अशा शहरांतून सायकलस्वारांचे जथे बाहेर पडताना दिसतात. त्यांची वाट बहुधा महामार्गाची असते, कारण गुळगुळीत रस्ता तेथेच मिळतो. मात्र त्याच रस्त्यावरून ट्रक, एस.टी. आणि भरधाव मोटारीही धावत असतात. उजाडताच वर्दळ वाढते आणि सायकलस्वाराचे सारे लक्ष निसर्गाकडून मागून येणाऱ्या भोंग्याकडे वळते.

यावर जगभरातल्या सायकलप्रेमींनी शोधलेला एक मार्ग म्हणजे डांबरी रस्ता सोडून खडी-मुरुमाच्या वाटा धरणे. ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ या नावाने हा प्रकार ओळखला जातो. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका अशा भ्रमंतीसाठी जणू घडवलेला आहे. एका बाजूला कृष्णेचे सपाट खोरे, दुसऱ्या बाजूला सागरेश्वर-कुंडलचे डोंगर आणि या दोहोंच्या मधून वाहणारे कालवे, अशी या भागाची रचना आहे.

पाण्याने आखलेली वाट

कराडजवळ खोडशी येथे कृष्णा नदीवर ब्रिटिश अमदानीत, १८६० च्या दशकात बंधारा बांधण्यात आला. तेथून नदीच्या डाव्या तीराने निघणारा कृष्णा कालवा कराड आणि वाळवा तालुक्यांतून पलूस तालुक्यात येतो व वसगडे येथे संपतो. त्याची लांबी सुमारे ८६ किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील जुन्या पाटबंधारे कामांत त्याची गणना होते.

कालव्याचे पाणी कोणत्याही यंत्राविना, केवळ उतारावरून वाहते. उतार जास्त ठेवला तर प्रवाहाच्या वेगाने काठ खचतात. कमी ठेवला तर गाळ साचतो. त्यामुळे अशा कालव्यांना साधारणतः किलोमीटरमागे १० ते ३० सेंटिमीटर एवढाच उतार दिला जातो. टेकडी आडवी आली की कालवा तिला वळसा घालतो आणि ओढा आला की मोरी बांधून तो ओलांडतो. पातळी मात्र सोडत नाही.

कालव्याच्या काठाने देखभालीसाठी एक कच्ची वाट ठेवलेली असते. पाटकऱ्याने दारे उघडावीत-मिटावीत, फुटलेला भराव डागडुजी करावा, गाळ काढणाऱ्या यंत्राला जागा मिळावी, हा तिचा हेतू. कालव्याची पातळी हीच या वाटेचीही पातळी असल्याने तिला चढ जवळजवळ नसतो. किलोमीटरमागे २० सेंटिमीटरच्या हिशेबाने ८६ किलोमीटरमध्ये होणारा एकूण उतार अवघा १७ मीटरच्या आसपास भरेल, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढा. पाण्याच्या सोयीसाठी केलेली आखणी नवख्या सायकलस्वारालाही अशी आपोआप सोयीची ठरते.

कृष्णा कालव्याहून वरच्या पातळीवरही पाणी खेळते. सातारा जिल्ह्यात वेण्णा नदीवरील कण्हेर धरणाचे पाणी आरफळ कालव्याने या बाजूस येते. ताकारी उपसा सिंचन योजनेत कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून सागरेश्वरच्या डोंगराकडे चढवले जाते व तेथून कालव्याने दुष्काळी गावांना दिले जाते. एकाच उतारावर असे एकाखाली एक पाट असल्याने सायकलस्वाराला सपाटीची वाट निवडता येते आणि हवा तेव्हा एका पाटावरून दुसऱ्याकडे जाताना चढाचाही अनुभव घेता येतो.

सायकल कशी असावी?

रस्त्यावरच्या शर्यती सायकलचा टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात हवा घट्ट भरलेली असते. खडीवर असा टायर प्रत्येक दगडावरून उडी मारतो. सायकल व स्वार दोघेही वर उचलले जातात आणि श्रम वाया जातात. ग्रॅव्हल सायकलचा टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद असतो व त्यात हवा निम्म्याहून कमी दाबाची असते. तो दगडाभोवती दबतो, त्यामुळे धक्का स्वारापर्यंत कमी पोहोचतो आणि मातीवरची पकडही वाढते.

नवी महागडी सायकल घेणे मात्र आवश्यक नाही. शेतावर जाणारा माणूस याच वाटांवरून साध्या काळ्या सायकलवर वर्षानुवर्षे ये-जा करत आला आहे. रुंद टायर, सुस्थितीतील ब्रेक आणि डोंगराकडे वळायचे असल्यास गिअर, एवढ्यावर काम भागते. खरा शत्रू बाभळीचा काटा. काठावरच्या वेड्या बाभळींमुळे पंक्चर हमखास ठरलेले, म्हणून जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य जवळ हवेच.

ऋतूची निवडही महत्त्वाची. पावसाळ्यात या भागातील काळी माती चाकाला लगद्यासारखी चिकटते आणि चाक फिरेनासे होते. मुरुमाची वाट मात्र लवकर निचरते. पाऊस सरल्यानंतर थंडी संपेपर्यंतचा काळ उत्तम. परंतु साखर कारखान्यांचा गळीत हंगामही याच दिवसांत असतो. तेव्हा उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या काही ठिकाणी काठाच्या वाटेवरही भेटतात. ‘वाहनविरहित’ या शब्दाचा अर्थ तेवढ्यापुरता मर्यादित घ्यावा लागतो.

डोंगराची बाजू

कालवा सोडून उत्तरेकडे वळले की चित्र पालटते. ऊस व द्राक्षबागा मागे पडतात आणि मुरुमाच्या गाडीवाटा माळावरून डोंगराच्या पायथ्याला भिडतात. कुंडलच्या डोंगरातील झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही जैन तीर्थस्थाने प्रसिद्ध आहेत. पलीकडे सागरेश्वरचा प्राचीन मंदिरसमूह आणि १९८५ मध्ये घोषित झालेले, १०.८७ चौरस किलोमीटरचे सागरेश्वर अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर वृक्षलागवड करून हे जंगल उभे राहिले. अभयारण्याला वनविभागाचे नियम लागू असल्याने तेथे परवानगीखेरीज सायकल नेणे योग्य नव्हे.

सायकलशी जुने नाते

या परिसराचे सायकलशी नाते अगदी अनपेक्षित ठिकाणाहून जुळते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला होता. पुढे तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ त्यांना देऊ केला. निवडुंगाने भरलेल्या या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कुंडल रोड हे रेल्वे स्थानक किर्लोस्करवाडी झाले. पुणे-मिरज लोहमार्गावरील हे स्थानक पलूसपासून जवळ असल्याने बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांना भ्रमंतीचा आरंभ येथून करता येतो.

काठ कोणाचा?

एवढी सोय असतानाही एक प्रश्न उरतोच. कालव्याचा काठ हा सार्वजनिक रस्ता नव्हे. ती जलसंपदा विभागाने देखभालीसाठी राखलेली जागा आहे आणि तिच्यावर पहिला अधिकार पाण्याचा व पाण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. एखाद्या ठिकाणी जाण्यास मज्जाव केला गेला, तर तेथून परत फिरणे हेच उचित.

दुसरीकडे, काठाची वाट पक्की व्हावी असे शेतकऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. चिखलात ऊस अडकला तर नुकसान त्याचे होते. परंतु डांबर पडले की काठाचा जवळचा रस्ता होतो, दुचाकी व मोटारी त्यावर वळतात, आणि भरावावर न पेलणारा भार येतो. मग सायकलस्वार, शाळेत चालत जाणारी मुले आणि शेळ्या हाकणारी म्हातारी, असे सारेच त्या वाटेवरून बाजूला सारले जातात.

अमेरिकेत असाच प्रश्न सात दशकांपूर्वी उभा राहिला होता. वॉशिंग्टन शहरापासून कंबरलंडपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर जाणारा चेसापीक-ओहायो कालवा १९२४ मध्ये बंद पडला. त्याच्या काठाने, जेथून पूर्वी खेचरे नावा ओढत, मोटाररस्ता बांधण्याचा बेत पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याला विरोध केला आणि १९५४ मध्ये या बेताला पाठिंबा देणाऱ्या संपादकांना आपल्यासोबत ती वाट चालून पाहण्याचे आवाहन केले. त्या पदयात्रेने जनमत फिरले. १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्या कच्च्या वाटेवरून आज सायकली धावतात.

पलूसची गोष्ट यापेक्षा अवघड आहे. अमेरिकेतला कालवा निवृत्त झालेला होता. कृष्णा कालवा आजही शेत भिजवतो. त्याला उद्यान करता येणार नाही आणि करूही नये. येथे मार्ग मधलाच असू शकतो. जेथे उसाची वाहतूक अटळ आहे तेथे मजबूत मुरूम, उरलेल्या टप्प्यात केवळ खड्डे बुजवणे, आणि धोक्याच्या वळणांवर कठडे. यासाठी मोठा निधी लागत नाही, उलट देखभालीच्या वाटेचीही निगा त्यातून राखली जाते.

पाहुण्याचे भान

ही वाट टिकण्यासाठी सायकलस्वारांनीही काही पथ्ये पाळावीत. पाळी सुरू असताना कालवा दुथडी वाहतो. त्याच्या उतरत्या, शेवाळलेल्या कडांवरून पडलेल्या माणसाला वर येणे कठीण असते. म्हणून सायकल पाण्यापासून दूरच्या बाजूने चालवावी, पाण्यात उतरू नये आणि एकट्याने जाणे टाळावे. जनावरे व पायी चालणारी माणसे दिसताच वेग कमी करावा. दारे, चाऱ्या आणि शेतातले पीक यांना हात लावू नये. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या काठांवर चालणाऱ्याचा अग्रक्रम सायकलस्वाराने मानावा, असा शिष्टाचार आहे. पलूसमध्ये तो बैलगाडीला आणि खांद्यावर खोरे घेऊन दाऱ्याकडे निघालेल्या शेतकऱ्यालाही लागू करावा. ज्यांच्या कामासाठी ही वाट राखली गेली, त्यांना सायकलींची अडचण वाटली नाही तरच ती सायकलींसाठी खुली राहील.