उपकरणाधारित प्रमाणीकरण (इंटरनेट दूरचित्रवाणी)

उपकरणाधारित प्रमाणीकरण ही इंटरनेटद्वारे दूरचित्रवाणी सेवा घेणाऱ्या वर्गणीदाराची ओळख त्याच्या उपकरणावरून पटविण्याची पद्धत होय. सेट-टॉप बॉक्स, स्मार्ट टीव्ही, टीव्हीला जोडावयाची स्टिक, भ्रमणध्वनी किंवा टॅबलेट यांपैकी एखादे उपकरण वर्गणीदाराच्या खात्याशी एकदा जोडले जाते. त्यानंतर प्रत्येक वेळी वापरकर्तानाव व परवलीचा शब्द न विचारता सेवादाता त्या उपकरणालाच ओळखतो आणि खात्यावर भरलेल्या वर्गणीनुसार वाहिन्या किंवा चित्रपट उपलब्ध करून देतो. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडून परवलीचा शब्द भरणे त्रासदायक असते, त्यामुळे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ही पद्धत विशेष रूढ झाली आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

या विषयात तीन संकल्पना वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. उपकरणाने स्वतःचा क्रमांक सांगणे ही 'ओळख' होय. तो क्रमांक खरोखर त्याच उपकरणाचा आहे याची खात्री पटविणे म्हणजे 'प्रमाणीकरण'. प्रमाणित उपकरणाला कोणत्या वाहिन्या, किती दर्जाच्या चित्रात आणि किती पडद्यांवर दाखवावयाच्या हे ठरविणे म्हणजे 'अधिकृतता'. व्यवहारात या तिन्ही गोष्टी एका क्षणात घडतात, म्हणून त्यांची गल्लत होते. नुसत्या ओळखीलाच प्रमाणीकरण मानण्यातून या पद्धतीतील बहुतेक त्रुटी उद्भवतात.

इंटरनेट दूरचित्रवाणीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. सेवादात्याच्या स्वतःच्या नियंत्रित जाळ्यावरून येणाऱ्या सेवेस आयपीटीव्ही म्हणतात, तर कोणत्याही इंटरनेट जोडणीवरून घेता येणाऱ्या सेवेस ओटीटी म्हणतात. पहिल्या प्रकारात वर्गणीदाराच्या घरापर्यंतची तार सेवादात्याच्या ताब्यात असते. दुसऱ्या प्रकारात उपकरण जगात कोठेही असू शकते. प्रमाणीकरणाची रचना या फरकावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

सशुल्क दूरचित्रवाणीत वर्गणी व्यक्तीच्या नावे असली, तरी प्रक्षेपण उघडण्याची किल्ली मात्र पूर्वीपासून उपकरणातच असते. उपग्रह व डिजिटल केबल सेवांत सेट-टॉप बॉक्समधील कार्ड किंवा चिप कूटबद्ध प्रक्षेपण उलगडते. भारतात केबल टेलिव्हिजन जाळे (नियमन) अधिनियम, १९९५ मध्ये २०११ साली दुरुस्ती करून डिजिटल व प्रत्येक उपकरणाला स्वतंत्रपणे संबोधित करता येणारी केबल प्रणाली सक्तीची करण्यात आली. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता या शहरांसाठी पहिल्या टप्प्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती. तोवर टीव्हीला थेट केबल जोडून वाहिन्या पाहणाऱ्या घरांत यामुळे नोंदणीकृत सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला.

इंटरनेटवर मात्र प्रारंभी वापरकर्तानाव आणि परवलीचा शब्द हाच मार्ग होता. अमेरिकेत २००९ साली टाइम वॉर्नर व कॉमकास्ट या कंपन्यांनी 'टीव्ही एव्हरीव्हेअर' ही योजना जाहीर केली. केबलचा वर्गणीदार त्याच वर्गणीवर इंटरनेटवरूनही कार्यक्रम पाहू शकेल, अशी ती कल्पना होती. अशा सेवा टीव्हीच्या पडद्यावर आल्या, तेव्हा परवलीचा शब्द भरण्याची अडचण ठळक झाली आणि पडद्यावर संकेतांक दाखवून तो संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर भरून घेण्याची रीत रुळली.

उपकरण ओळखण्याचे मार्ग

मॅक पत्ता: जाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणास ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. तो सामान्यतः १२ षोडशमान अंकांत लिहिला जातो. त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादकाचा निदर्शक असतो. अनेक आयपीटीव्ही सेवांत सेट-टॉप बॉक्सच्या खाली छापलेला हा पत्ता वर्गणीदाराच्या खात्यात नोंदविला जातो. ही पद्धत सोपी असली, तरी दुर्बळ आहे. मॅक पत्ता स्थानिक जाळ्यापुरताच वापरला जातो, राउटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे इंटरनेटवरील सर्व्हरला तो दिसत नाही. उपकरणातील आज्ञावली जो पत्ता सांगेल त्यावर सर्व्हरला विश्वास ठेवावा लागतो. तो पत्ता गुप्त नसतो आणि दुसऱ्या उपकरणावर त्याची नक्कल करता येते. शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) यांपासून भ्रमणध्वनी वाय-फायवर यादृच्छिक मॅक पत्ता वापरू लागले आहेत.

तारेची ओळख: नियंत्रित जाळ्यात वर्गणीदाराची जोडणी कोणत्या पोर्टवर आहे हे सेवादात्याच्या यंत्रणेला ठाऊक असते. आयपी पत्ता मागणाऱ्या विनंतीत मधले यंत्र ही माहिती स्वतः जोडते. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३०४६ या दस्तऐवजात त्याची रीत दिली असून ती 'पर्याय ८२' या नावाने ओळखली जाते. ही माहिती वर्गणीदाराच्या उपकरणाकडून येत नाही, त्यामुळे ती खोटी ठरविणे अवघड असते. तथापि तिच्यामुळे घर ओळखले जाते, घरातील विशिष्ट उपकरण नव्हे.

प्रमाणपत्र व गुप्त किल्ली: ही सर्वांत भक्कम पद्धत मानली जाते. कारखान्यातच उपकरणाच्या सुरक्षित चिपमध्ये एक खासगी किल्ली ठेवली जाते आणि तिच्याशी जुळणारी सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात असते. सर्व्हर दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या पाठवितो. उपकरण खासगी किल्लीने तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी करून ती परत पाठविते व सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. खासगी किल्ली उपकरणाबाहेर जातच नाही. संख्या दर वेळी निराळी असल्याने मागील उत्तर चोरूनही उपयोग होत नाही.

आशयसंरक्षण प्रणाली: गूगलची वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी आणि ॲपलची फेअरप्ले या प्रणाली चित्रफीत उलगडण्याच्या किल्ल्या केवळ मान्य उपकरणास देतात. वाइडवाइनमध्ये एल१, एल२ व एल३ असे तीन स्तर आहेत. एल१ स्तरात किल्ल्यांचे व चित्रफितीचे काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होते. नवा भ्रमणध्वनी घेऊनही काही सेवांवर चित्र अस्पष्ट दिसत असेल, तर तो केवळ एल३ स्तराचा असणे हे एक संभाव्य कारण असते.

संकेतांकाद्वारे जोडणी

ओटीटी सेवांत उपकरण आणि खाते यांची पहिली गाठ घालून देण्यासाठी संकेतांकाची पद्धत प्रचलित आहे. इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलाने ऑगस्ट २०१९ मध्ये आरएफसी ८६२८ या दस्तऐवजाद्वारे तिचे प्रमाणीकृत रूप प्रसिद्ध केले. ते २०१२ च्या ओऑथ २.० या चौकटीचा विस्तार आहे. तिचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. टीव्हीवरील ॲप सर्व्हरकडे जोडणीची विनंती करते.
२. सर्व्हर दोन संकेतांक देतो. एक लांब व गुप्त, केवळ उपकरणासाठी. दुसरा छोटा, वापरकर्त्याने वाचण्यासाठी. त्यांसोबत संकेतस्थळाचा पत्ता आणि संकेतांकाची मुदतही येते.
३. टीव्ही छोटा संकेतांक व पत्ता, आणि अनेकदा क्यूआर कोड, पडद्यावर दाखवितो.
४. वर्गणीदार भ्रमणध्वनीवर त्या पत्त्यावर जाऊन आपल्या खात्यात प्रवेश करतो, संकेतांक भरतो आणि संमती देतो.
५. दरम्यान टीव्ही ठरावीक अंतराने सर्व्हरकडे विचारणा करीत राहतो. अंतर सांगितलेले नसल्यास ते ५ सेकंद मानले जाते. विचारणा फार वेगाने होत असल्याचे सर्व्हरने कळविल्यास त्यात आणखी ५ सेकंदांची भर घालावी लागते.
६. संमती मिळताच सर्व्हर टीव्हीला टोकन देतो. यापुढे हे टोकनच त्या उपकरणाचा परवाना ठरते.

या व्यवस्थेत परवलीचा शब्द टीव्हीला कधीच कळत नाही. छोट्या संकेतांकासाठी स्वर वगळून केवळ २० रोमन व्यंजने वापरण्याची सूचना उपर्युक्त दस्तऐवजात आहे. स्वर नसल्याने योगायोगाने एखादा नकोसा शब्द तयार होत नाही. अशा ८ अक्षरांच्या संकेतांकाचे २,५६० कोटी पर्याय संभवतात. अल्प मुदत आणि चुकीच्या प्रयत्नांवरील मर्यादा यांमुळे तो अंदाजाने ओळखणे जवळपास अशक्य होते.

उभारणीचे टप्पे

सेवादात्याच्या दृष्टीने ही व्यवस्था चार टप्प्यांत उभी राहते. पहिला टप्पा नोंदवहीचा: प्रत्येक उपकरणाचा निदर्शक, त्याचे खाते, जोडणीचा दिनांक आणि सद्यस्थिती यांची नोंद ठेवली जाते. दुसरा टप्पा जोडणीचा: सेट-टॉप बॉक्स पुरविणारी कंपनी तो बसविताना ही नोंद करते, तर ओटीटी सेवेत वर्गणीदार संकेतांकाने ती स्वतः करतो. तिसरा टप्पा नित्याच्या पडताळणीचा: टोकन अल्पजीवी ठेवून ठरावीक काळाने नवे दिले जाते आणि एकाच वेळी चालू असलेल्या पडद्यांची गणना होते. चौथा टप्पा जोडणी तोडण्याचा असून त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. उपकरण हरवणे, बिघडणे, विकले जाणे किंवा वर्गणीदाराचे निधन होणे या प्रसंगांसाठी जोडणी रद्द करण्याची सोय नसेल, तर उर्वरित व्यवस्था कितीही भक्कम असली तरी अपुरी ठरते. ही सोय त्या उपकरणाशिवाय, म्हणजे संकेतस्थळावरून किंवा ग्राहकसेवेकडूनही, वापरता येणे आवश्यक असते. कारण हरवलेल्या उपकरणावर जाऊन जोडणी तोडता येत नाही.

मर्यादा आणि धोके

उपकरण ओळखले गेले म्हणजे व्यक्ती ओळखली गेली असे होत नाही. टीव्हीसमोर बसलेली व्यक्ती वर्गणीदार आहे, पाहुणा आहे की लहान मूल, हे उपकरणास कळत नाही. त्यामुळे खरेदी, परवलीचा शब्द बदलणे किंवा प्रौढांसाठीचा आशय पाहणे यांसाठी स्वतंत्र पिन ठेवणे इष्ट मानले जाते. जुना टीव्ही विकताना किंवा भाड्याच्या घरात सोडून जाताना खाते तसेच राहिल्यास नव्या मालकास वर्गणीदाराची पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी दिसू शकते. मूळ स्थिती पुनर्स्थापित करणे आणि खात्याच्या उपकरण-यादीतून तो टीव्ही काढून टाकणे, या दोन्ही कृती अशा वेळी कराव्या लागतात.

संकेतांकाच्या पद्धतीत दूरस्थ फसवणुकीचा धोका आहे. भामटा आपल्या उपकरणावर आलेला संकेतांक दूरध्वनी किंवा संदेशाद्वारे दुसऱ्यास सांगतो आणि 'सेवा चालू ठेवण्यासाठी' तो भरावयास लावतो. वर्गणीदार खऱ्याच संकेतस्थळावर, खऱ्याच परवलीच्या शब्दाने प्रवेश करतो. मात्र जोडले जाते ते भामट्याचे उपकरण. आरएफसी ८६२८ मध्ये या धोक्याचा उल्लेख असून, जोडले जाणारे उपकरण आपल्याजवळ असल्याची खात्री वापरकर्त्याकडून करून घ्यावी, अशी शिफारस आहे. हेच तंत्र कार्यालयीन खात्यांविरुद्ध वापरणाऱ्या एका मोहिमेची माहिती मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. यावरील सर्वांत साधा उपाय म्हणजे स्वतःच्या पडद्यावर स्वतः पाहिलेलाच संकेतांक भरणे. जोडणीच्या नावाखाली शुल्क मागणारी बनावट संकेतस्थळेही आढळतात. रोकू या कंपनीने आपल्या उपकरणांच्या जोडणीसाठी शुल्क नसल्याचे जाहीर केले आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास भारतात १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

घर या संकल्पनेची व्याख्या हा आणखी एक वादाचा मुद्दा आहे. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ रोजी भारतात खाते एका घरापुरते मर्यादित ठेवण्याचे जाहीर केले. त्यासाठी आयपी पत्ता, उपकरणांचे निदर्शक आणि खात्यावरील हालचाली यांचा आधार घेतला जातो. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणारा मुलगा कुटुंबाच्या दृष्टीने त्याच घरातला असतो. जाळ्याच्या दृष्टीने मात्र तो निराळ्या पत्त्यावरचा ठरतो.

गोपनीयता

उपकरणाचा कायमस्वरूपी क्रमांक अनेक सेवांना मिळाल्यास त्याआधारे एकाच व्यक्तीच्या सवयी जुळविता येतात. या कारणास्तव ॲपलने १ मे २०१३ पासून आयफोनचा कायम निदर्शक वाचणारी ॲप्स स्वीकारणे बंद केले. अँड्रॉइड ८.० पासून उपकरणाचा निदर्शक प्रत्येक विकासकाच्या ॲपसाठी वेगळा दिला जातो. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांत उपकरणांच्या निदर्शकांचा उल्लेख आहे. भारतात संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत केला.

भारतातील नियमन

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०१७ मधील आंतरजोडणी नियमावलीनुसार उपग्रह, केबल व आयपीटीव्ही सेवांतील प्रत्येक सेट-टॉप बॉक्स स्वतंत्रपणे संबोधित करता आला पाहिजे. वर्गणीदारांची नोंदवही आणि प्रक्षेपण उलगडणारी प्रणाली एकमेकींशी जोडलेल्या असणेही बंधनकारक आहे. अनधिकृत पुनर्प्रक्षेपणाचा माग काढता यावा, म्हणून पडद्यावर उपकरणाचा क्रमांक उमटविण्याची सोयही त्यात सांगितली आहे. ओटीटी सेवांना ही नियमावली लागू नाही. तेथे किती उपकरणे जोडता येतील आणि ती कशी काढावीत हे प्रत्येक सेवेच्या अटींवर अवलंबून असते.