टॅब म्हणजे आठ स्पेस नव्हेत

टर्मिनलवर एखादी यादी छापली की चार ओळी सरळ रेषेत येतात आणि पाचवी रकाना सोडून भलतीकडेच जाते. अशा वेळी स्क्रिप्टला दोष दिला जातो. खरं कारण बहुतेकदा टॅबविषयीच्या समजुतीत असतं.

गैरसमज १ : एक टॅब म्हणजे आठ स्पेस.
वस्तुस्थिती : आस्कीत टॅबचा क्रमांक ९. ते एकच चिन्ह आहे आणि त्याचा अर्थ एवढाच : पुढच्या थांब्यावर जा. टर्मिनलवर हे थांबे सहसा दर आठ घरांवर असतात. ओळीत तीन अक्षरं झाल्यावर टॅब आला तर कर्सर पाच घरं सरकतो, सात अक्षरांनंतर एकच घर, आणि बरोबर आठ अक्षरांनंतर पूर्ण आठ घरं. पाचवी ओळ बिघडते ती यामुळेच : तिच्यातला पहिला शब्द लांब असतो आणि थांबा ओलांडून जातो.

गैरसमज २ : सेडने प्रत्येक टॅबच्या जागी आठ स्पेस घातले की काम झालं.
वस्तुस्थिती : त्याने रकाने आणखी विस्कटतात. किती स्पेस लागतील हे टॅब ओळीत कुठे आहे यावर ठरतं. हा हिशेब 'एक्सपांड' ही कमांड करते. '-टी ४' दिलं तर दर चार घरांवर थांबा. '-टी १०,३०' दिलं तर थांबे दहाव्या आणि तिसाव्या घरानंतर. 'डिफ'लाही '-टी' पर्याय आहे. तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खुणेची घरं वाढतात आणि मूळ रचना हलते. या पर्यायाने ती टिकते.

गैरसमज ३ : एक्सपांड मूळ फाइल बदलते.
वस्तुस्थिती : ती फक्त आउटपुट देते, फाइलला हात लावत नाही. मात्र ते आउटपुट त्याच फाइलच्या नावावर वळवू नका. कमांड सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतं आणि मजकूर जातो. आधी दुसऱ्या नावाने साठवा.

गैरसमज ४ : टॅब काढून टाकणं नेहमीच सुरक्षित.
वस्तुस्थिती : मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस घातले की 'मेक' सहसा 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबतं. 'कट' ही कमांड वेगळं काही सांगितलं नसेल तर टॅबवरच रकाने तोडते. डेटा आधी एक्सपांडमधून काढून मग कटला दिला, तर तिला रकाने सापडतच नाहीत.

गैरसमज ५ : देवनागरी मजकुरालाही एक्सपांडचा हिशेब तसाच लागू होतो.
वस्तुस्थिती : लिनक्सवरच्या एक्सपांडच्या अनेक आवृत्त्या अक्षरं न मोजता बाइट मोजतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइटचं. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा मिळून १२ बाइट होतात. पुढचा थांबा १६ वर, म्हणून कमांड चार स्पेस देते. पण बहुतेक टर्मिनलवर हा शब्द दोनच घरं व्यापतो, त्यामुळे पुढचा रकाना सहा घरांनंतर सुरू होतो. 'नगर'चे बाइट नऊ, स्पेस सात, पडद्यावरची घरं तीन; तिथे रकाना दहा घरांनंतर. टॅब तसाच ठेवला असता तर दोन्ही ओळी आठ घरांनंतर जुळल्या असत्या, कारण तेव्हा मोजणी टर्मिनल स्वतः घरांवरून करतं.

शंका आली की आधी टॅब डोळ्यांनी पाहा. लिनक्सवर 'कॅट'ला मोठ्या 'टी'चा पर्याय दिला की प्रत्येक टॅबच्या जागी '^आय' अशी खूण उमटते. आणि एक नियम पाळा : साठवायच्या डेटात टॅब राहू द्या, एक्सपांड वापरा ती माणसाला वाचायला द्यायच्या प्रतीवर.