इकडे दरी, तिकडे दिवे, मध्ये सावंतवाडी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची एक ठरलेली सहल असते. लास व्हेगासला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, झायन नाहीतर ग्रँड कॅन्यनच्या तांबड्या कड्यांत पाय दुखेपर्यंत भटकायचं आणि परत येऊन व्हेगासच्या झगमगाटात एक-दोन रात्री काढायच्या. भारतातून आई-वडील गेले की त्यांनाही ही वारी घडते. सहल आखणाऱ्याला ती सोयीची, कारण घरातल्या कोणाचीच फारशी तक्रार उरत नाही.

अशी दरी आणि असे दिवे आपल्याकडे एकाच मुक्कामातून गाठायचे, तर मी सावंतवाडीचं नाव घेईन. इथून आंबोली तीसेक किलोमीटर आणि पणजी साठेक. वाळवंट मात्र शोधू नका. व्हेगासला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत सात हजारांच्या घरात. तिकडचे कडे कोरडे आणि उघडे, इकडचे जून ते सप्टेंबर धुक्यात आणि शेवाळात बुडालेले.

झाराप-पत्रादेवी बगलरस्ता झाल्यापासून मुंबई-गोवा महामार्गावरची गर्दी सावंतवाडीला वळसा घालून जाते. गाव त्यामुळे निवांत झालं, आणि पर्यटकांच्या हिशेबातून थोडं सुटलंही. पुण्या-मुंबईची मंडळी गोव्यात खोली घेतात, आंबोलीला वाटेत तासभर थांबतात, धबधब्याखाली भिजून फोटो काढतात आणि निघतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मुक्काम सावंतवाडीत करावा आणि पणजीला संध्याकाळपुरतं जाऊन यावं.

आंबोलीला सकाळी लवकर निघा. दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वेंगुर्ले बंदर बेळगावच्या छावणीशी जोडण्यासाठी हा रस्ता बांधून काढला आणि त्याच्या डोक्यावर, ६९० मीटर उंचीवर, थंड हवेचं ठाणं उभं राहिलं. घाटातल्या मुख्य धबधब्याजवळ जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, शिवाय दंगा असतो. सोमवार ते गुरुवारात जमवलंत तर तोच धबधबा कुटुंबाला घेऊन बघता येतो.

खरी पायपीट वर. गेळे गावच्या कावळेसाद पॉइंटला सडा, म्हणजे खडकाळ माथा, एकदम संपतो आणि समोर दरी उघडते. दख्खनचा काळा पत्थर, त्यावर जांभ्याचा थर आणि तो हजारो पावसाळ्यांनी कापून काढलेला. खालून वारा असा चढतो की कड्यावरून पडणारं पाणी अर्ध्या वाटेतून उलटं वर येतं आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर आदळतं. मुलांना याहून मोठी गंमत दाखवता येणार नाही. पण कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, कितीही चांगला फोटो येणार असला तरी. इथे माणसं खाली गेलेली आहेत आणि त्यांना वर आणायला स्थानिक पोरांना दोर लावून उतरावं लागलं आहे.

आजऱ्याच्या दिशेला रस्त्यालगतच नांगरतास आहे. इथे पाणी एका अरुंद, खोल चिरेत कोसळतं. अमेरिकन घळीची आठवण सर्वांत जास्त इथेच येते, फक्त आवाज कानठळ्या बसवणारा. महादेवगडावरून धुकं फाटलं तर खालचं कोकण दिसतं. नाही फाटलं तर पांढरा पडदा बघून परत यायचं. पावसाळी आंबोलीत निम्मे पॉइंट असेच बघितले जातात.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाचं मात्र धुक्यावाचून काही अडत नाही. गुहेतून पाणी येतं, पुढ्यात मंदिर आणि कुंड. हे पाणी पूर्वेला घटप्रभेला आणि तिच्यातून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात जातं. चार-पाच किलोमीटर पश्चिमेला पडलेला पाऊस अरबी समुद्राची वाट धरतो. याच कुंडातल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने जगाला ओळख झाली आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने इथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पाण्यात उतरून ढवळाढवळ करू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

रात्री थांबायची तयारी असेल तर एखाद्या जाणकार वाटाड्याबरोबर विजेऱ्या घेऊन बाहेर पडा. मलबारी चापडा हा साप, उडते बेडूक, आणि नशीब असेल तर २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेला, आंबोलीपलीकडे कुठे न सापडणारा पट्टेरी भेक. पहिल्या पावसात तो सड्यावरच्या डबक्यांत जमतो आणि रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येतो, म्हणून रात्री गाडी हळू हाका. जळवा सगळ्यांनाच लागतात. बाजारातल्या एका दुकानदार काकींनी आमचा बेत ऐकून एवढंच विचारलं, “आंबोलीक जातास? मगे मीठ वांगडा घेवा.” घेतलं, आणि कामाला आलं.

पणजीची संध्याकाळ वेगळ्या जातीची. मांडवीच्या पात्रात, जुन्या सचिवालयाच्या समोर, कसिनोची जहाजं रंगीत दिव्यांनी उजळून नांगरलेली असतात. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. गोव्याने १९९०च्या दशकात कायदा बदलून नदीतल्या जहाजांना वाट करून दिली. एकविसाच्या आतल्यांना जुगाराच्या टेबलाजवळ जाता येत नाही, आणि खुद्द गोवेकरांना २०२० पासून प्रवेशबंदी आहे. म्हणजे पैसे हरायचा मान बाहेरच्यांचा! मुलं बरोबर असतील तर जहाजावर चढण्याच्या फंदात पडू नये. काठावरून दिवे फुकट दिसतात, वर २०१९ मध्ये झालेला अटल सेतू उजळलेला असतो. उजेड असताना मळ्यातल्या, म्हणजे फोंतेन्यशच्या, रंगीत घरांच्या गल्ल्यांतून फिरलात तर पणजीचं खरं रूपही पाहून होतं. येताना एक ध्यानात ठेवा: गोव्यातली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.

गंमत म्हणजे सावंतवाडीकराला गोवा म्हटल्यावर कसिनो आठवत नाही. त्याला आठवतं बांबोळीचं सरकारी इस्पितळ, जिथे घरातलं कोणीतरी कधीतरी दाखल झालेलं असतं, आणि रोज सकाळी कामाला तिकडे जाणारी बांद्यापासूनची पोरं.

पत्त्यांचा शौक तर या गावाला स्वतःचाच आहे. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात जा. तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात इथे गंजिफा रुजला. हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पानं, असे १२० पत्ते. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी. रात्री तो मान कृष्णाचा. छापील पत्ते आले आणि हे मागे पडले. चितारी घराण्यांतही कलेचा विसर पडत चालला होता, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी उरलेल्या जाणत्या हातांकडून ती पुढच्या पिढीला शिकवून घेतली. आज दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून बारीक कुंचल्याने मत्स्य-कूर्म रंगवताना दिसतात. संचाची किंमत ऐकून दचकायला होतं. तासभर ते काम बघितलं की घासाघीस करवत नाही.

तिथून चितार आळी जवळच. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे आंबे, केळी, सीताफळं, भातुकलीची भांडी. बाजारात आता कारखान्यातली प्लॅस्टिकची खेळणीही याच मालाशेजारी टांगलेली असतात, त्यामुळे हातात घेऊन, विचारून घ्यावं. संध्याकाळी १८७४ मध्ये बांधलेल्या तलावाला एक फेरी मारायची आणि जेवायला खानावळीत: बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. शाकाहारी असाल आणि उन्हाळ्यात गेलात तर ओल्या काजूंची उसळ चुकवू नका.

आंबोलीसाठी ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर सर्वांत चांगला. पाऊस उणावतो, धबधबे टिकून असतात आणि धुकं अधूनमधून वाट देतं. रेल्वेने आलात तर सावंतवाडी रोड स्थानक मळगावात आहे, गावात यायला रिक्षा मिळते. मोपाचा विमानतळही जवळ पडतो. आंबोलीला आणि पणजीला बसगाड्या आहेत, पण कावळेसाद-नांगरतास एका दिवसात करायचं तर गाडी हवी. गणेशचतुर्थीचा आठवडा मात्र टाळा. त्या दिवसांत अख्खं कोकण घरी आलेलं असतं. ना गाडीचं तिकीट मिळेल, ना लॉजवर खोली.